पांढऱ्या एप्रनमधल्या मुली

युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे येतात, तहांच्या तारखा येतात. जखमी शिपायाची पट्टी कोणी बदलली, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हे काम करणाऱ्यांत हजारो स्वयंसेविका होत्या.

१९०९ साली, म्हणजे रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले त्याच वर्षी, तिकडे 'व्हॉलंटरी एड डिटॅचमेंट' ही योजना निघाली. वेळप्रसंगी लष्कराच्या वैद्यकीय खात्याला हात लावता यावा म्हणून गावोगावच्या लोकांना प्रथमोपचार व शुश्रूषा शिकवून ठेवायची, असा बेत होता. १९१४ च्या उन्हाळ्यात या पथकांत सुमारे ७४,००० माणसे होती; त्यांपैकी दोन तृतीयांश स्त्रिया. युद्ध पेटले आणि नगरभवनांची, शाळांची, श्रीमंतांच्या वाड्यांची इस्पितळे झाली.

घरी ज्यांच्या हाताखाली मोलकरणी होत्या, त्या मुली आता फरशा पुसू लागल्या, बेडपॅन धुऊ लागल्या. वर्षानुवर्षे शिकून तयार झालेल्या नर्सना या हौशी मुलींची प्रथम अडचणच वाटे. त्यात नवल ते काय? नर्सची सरकारी नोंदणी व्हावी म्हणून त्या कधीच्या झगडत होत्या, आणि तो कायदा झाला १९१९ मध्ये!

टॉर्कीच्या नगरभवनातील इस्पितळात अशीच एक तरुणी होती. डिसेंबर १९१६ पर्यंत तिने ३,४०० तास बिनपगारी काम केले. मग ती औषधालयात गेली आणि तिथे तिला विषांची ओळख झाली. गावात बेल्जियन निर्वासित आले होते. १९२० साली तिची पहिली कादंबरी निघाली, तीत खून विषाने होतो आणि तो उलगडणारा गुप्तहेर बेल्जियन! ती तरुणी म्हणजे अ‍ॅगाथा ख्रिस्ती.

व्हेरा ब्रिटनची कहाणी वेगळी. ऑक्सफर्डचे शिक्षण सोडून ती १९१५ मध्ये परिचारिका झाली. त्याच डिसेंबरात तिचा वाग्दत्त वर गेला, १९१८ मध्ये भाऊही गेला. दुसऱ्यांच्या जखमा बांधणारे तिचे हात आपल्या माणसांपर्यंत पोहोचू शकले नाहीत.

१९१८ सालीच इंग्लंडमधील स्त्रियांना मताधिकार मिळाला. पण तीस वर्षे पुरी झालेल्यांनाच, तोही काही अटींवर. अ‍ॅगाथा तेव्हा सत्तावीस वर्षांची, व्हेरा चोवीस. लढाईवरून आलेल्या शिपायाला मात्र एकोणिसाव्या वर्षी मत देता येत होते. त्याची शुश्रूषा करणाऱ्या तरुणींना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळायला १९२८ साल उजाडावे लागले.