गीतारहस्याचे वाचक

माझ्या आजोबांच्या ‘गीतारहस्या’च्या प्रतीत समासात दोन हस्ताक्षरं आहेत. आजोबांनी जागोजागी ‘खरे आहे’ असं लिहिलंय. त्यांच्या वेदान्ती थोरल्या भावानं त्याच पानांवर ‘आचार्यांचा विपर्यास’ असा शेरा मारलाय. एका घरातलं हे भांडण तेव्हा महाराष्ट्रभर चाललं होतं.

टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात, 1910-11च्या हिवाळ्यात, पेन्सिलीनं लिहिला. 1914 मध्ये सुटका झाल्यावर हस्तलिखित परत मिळालं आणि 1915 मध्ये पुस्तक निघालं. गीता संन्यास नव्हे, कर्मयोग शिकवते, हे त्यातलं प्रतिपादन. ज्ञान झाल्यावर कर्म सुटतं, असं सांगणारं शांकरभाष्य मानणाऱ्या शास्त्रीमंडळींना ते मान्य होणं शक्यच नव्हतं. देशकार्यात पडू पाहणाऱ्या तरुणांना मात्र त्यातून बळ मिळालं. आपलं काम हीच साधना, असं त्यांना वाटू लागलं.

गांधीजींचं वाचन आणखी वेगळं. 1920च्या सुरुवातीला ‘यंग इंडिया’त त्यांचा आणि टिळकांचा जाहीर मतभेद झाला. राजकारण साधूंचं नव्हे, जशास तसं वागावं लागतं, असं टिळकांचं म्हणणं. गांधीजींना ते पटलं नाही. पुढे ‘अनासक्तियोगा’त त्यांनी गीतेतून अहिंसाच काढली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तिथं वादापेक्षा जिव्हाळा जास्त.

मला आजोबांची बाजू पटते, पण थोरल्या भावाचे शेरे वाचल्याशिवाय ती नीट समजत नाही. घरात अशी जुनी प्रत असेल, तर ती रद्दीत देऊ नका. समास आधी वाचा.