वर्दी कमी, काम जास्त : पॅकेट हाताळणीचा इतिहास

१/८
यंत्र बिघडलेले नाही, प्रोसेसर अखंड राबतो आहे, आणि तरीही काम शून्य! १९९०च्या दशकात जाळ्यांचा वेग वाढू लागला, तेव्हा संगणकांवर असा विचित्र प्रसंग ओढवू लागला. 🧵

२/८
त्याचे मूळ जुन्या रीतीत होते. नेटवर्क कार्डावर पॅकेट आले, की कार्ड प्रोसेसरला वर्दी देई. हाच 'इंटरप्ट'. प्रोसेसर हातचे काम बाजूला सारून ड्रायव्हरकडे वळे, पॅकेट उतरवून घेई आणि मग परते. पॅकेटे तुरळक होती तोवर ही रीत उत्तम चालली.

३/८
पुढे गणित फिसकटले. १ गिगाबिट इथरनेटवर सर्वांत लहान पॅकेटे सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार येऊ शकतात. प्रत्येकाची स्वतंत्र वर्दी घ्यायची, तर त्या पॅकेटांचे पुढे काही करायला वेळच उरत नाही.

४/८
१९९६ साली जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी या 'रिसीव्ह लाइव्हलॉक'वर उपाय मांडला. पहिली वर्दी येताच पुढच्या वर्द्या बंद कराव्यात, प्रोसेसरने स्वतःच रांग तपासावी आणि एका फेरीत ठरावीक पॅकेटेच उचलावीत.

५/८
२००१ साली जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी लिनक्ससाठी याच तत्त्वावरची 'नापी' ही पद्धत मांडली. रांग रिकामी झाली, की वर्द्या पुन्हा सुरू होतात. त्यामुळे गर्दी नसताना विलंबही वाढत नाही.

६/८
दुसरा प्रवाह अधिक धाडसी होता. १९९५ साली कॉर्नेल विद्यापीठातील 'यू-नेट' प्रकल्पाने कर्नलला वाटेतून दूर केले आणि प्रोग्रामला थेट कार्डाशी जोडले. हीच दिशा पुढे 'इन्फिनिबँड'ने घेतली. त्याचे पहिले विनिर्देश २००० साली आले. २००३ साली व्हर्जिनिया टेकने १,१०० मॅक संगणक त्याने जोडले आणि जगातील महासंगणकांच्या यादीत तिसरे स्थान पटकावले.

७/८
पण असंख्य जुने प्रोग्राम टीसीपी-आयपीच जाणत होते. त्यांच्यासाठी इन्फिनिबँडवरून आयपी पॅकेटे नेण्याची सोय झाली. तिचे मानक २००६ साली प्रसिद्ध झाले. या वाटेवर कर्नल पुन्हा मध्ये आला आणि त्याच्यासोबत जुने दुखणेही. म्हणून या ड्रायव्हरनेही नापीचा आश्रय घेतला. शिवाय 'कनेक्टेड' पद्धतीत एका पॅकेटाची मर्यादा ६५,५२० बाइटपर्यंत नेता आली. साध्या पद्धतीत ती सहसा २,०४४ असे. पॅकेट मोठे, म्हणून पॅकेटे थोडी आणि खोळंबाही थोडा.

८/८
आजही लिनक्सचा ड्रायव्हर एका फेरीत साधारणपणे ६४ पॅकेटेच उचलतो. रांगेत आणखी हजारो असली, तरी तो थांबतो आणि इतरांना संधी देतो. ज्या प्रोग्रामसाठी ही पॅकेटे आली, त्याची पाळी यावी म्हणूनच हा संयम.