दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन

दुर्बिणीतून ऑपरेशन म्हटलं की आपल्याला आठवतात पित्ताशयातले खडे आणि आधी ठरवून घेतलेली तारीख. पण या तंत्राची सुरुवात झाली ती जिवावरच्या प्रसंगातून.

1901 साली जर्मनीतले डॉक्टर गेऑर्ग केलिंग पोटातला रक्तस्राव हवेच्या दाबाने थांबेल का, याचा शोध घेत होते. आत काय होतंय ते पाहायला त्यांनी कुत्र्याच्या पोटात दुर्बीण घातली. दाबाची कल्पना मागे पडली, दुर्बीण राहिली. 1980 मध्ये कील शहरात कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया 1972 पासून निदानासाठी दुर्बीण वापरू लागले. सीटी स्कॅन तेव्हा भारतात पोचलं नव्हतं. दुखण्याचं मूळ शोधायला अनेकदा पोट उघडावं लागे, आणि हातावर पोट असलेल्या रुग्णाची कित्येक आठवड्यांची मजुरी बुडे. 1990 मध्ये तिथेच त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. अशी शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदाच होत होती.

अपघातात मात्र रक्तदाब कोसळला असेल, तर सर्जन आजही सरळ पोट उघडतात. दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरावा लागतो. त्यात वेळ जातो आणि दाबामुळे हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटतं. रुग्ण स्थिर असेल तरच दुर्बीण.

तेव्हा नोव्हायला आलेल्या आईबाबांसाठी सर्जननी मोठा छेद सुचवला, तर तो जुनाट उपाय समजू नका. कारण विचारा, पण अशा वेळी निर्णय लांबवू नका.