एक लेझगिन्का आणि सहा संगीतकार

आजचा ऑपेरा तुम्ही ऐकलेला नसणार, आणि तुमचं त्यात फारसं नुकसानही नाही. संगीत म्हणून तो बेताचाच आहे. पण या बेताच्या ऑपेरापायी शोस्टाकोविचची नोकरी गेली!

नाव 'वेलिकाया द्रुझ्बा', म्हणजे 'थोर मैत्री'. संगीतकार वानो मुरादेली, जन्म जॉर्जियातल्या गोरीचा. स्टालिनचंही गाव तेच. विषय एकदम सुरक्षित: क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात उत्तर कॉकेशसच्या डोंगरी लोकांना बोल्शेविकांकडे वळवणारा कमिसार. ७ नोव्हेंबर १९४७ला, क्रांतीच्या तिसाव्या वर्धापनदिनी, मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरमध्ये तो लागला.

५ जानेवारी १९४८ला स्टालिन बघायला आला आणि भडकला. एक तर मुरादेलीने लेझगिन्का हा कॉकेशसचा नाच लोकधुनेवर न बसवता स्वतःच्या चालीत बांधला होता, आणि लेझगिन्का स्टालिनची लाडकी. दुसरं, कमिसार बेतला होता ओर्जोनिकिद्झेवर. हा स्टालिनचा जुना साथी, पण शेवटी दोघांचं बिनसलं होतं आणि १९३७मध्ये त्याने स्वतःला संपवलं होतं (अधिकृत कारण: हृदयविकार).

तिसरा आक्षेप मला सगळ्यात भयंकर वाटतो. ऑपेरात जॉर्जियन आणि ओसेटियन लोक रशियनांचे वैरी दाखवलेत, हे खोटं आहे, असं पक्षाने ठरवलं. खरा अडथळा म्हणे इंगुश आणि चेचेन होते. या दोन्ही जमाती १९४४च्या फेब्रुवारीतच मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात पाठवल्या होत्या. म्हणजे शिक्षा आधी, गुन्हा नंतर.

१० फेब्रुवारीला केंद्रीय समितीचा ठराव आला. शीर्षकात मुरादेली, पण मार बसला 'फॉर्मॅलिस्ट' म्हणून शोस्टाकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान, मियास्कोव्स्की, शेबालिन आणि पोपोव्ह यांना. यांच्या संगीताचा या ऑपेराशी काय संबंध? काहीच नाही. मुरादेलीने मात्र चूक कबूल करता करता बोट आजूबाजूच्या वातावरणाकडे दाखवलं होतं. शोस्टाकोविचचं मॉस्को आणि लेनिनग्राड, दोन्हीकडचं शिकवणं सुटलं. शेबालिनचं मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचं संचालकपद गेलं.

२८ मे १९५८ला पक्षानेच नवा ठराव करून जुनं मूल्यमापन अन्यायाचं होतं, असं म्हटलं. तोवर मियास्कोव्स्की आणि प्रोकोफिएव्ह दोघेही गेले होते.

शोस्टाकोविचने मात्र या सगळ्यावर 'रायोक' नावाची चावट संगीतिका लिहून लपवून ठेवली. १९८९मध्ये ती पहिल्यांदा जाहीरपणे सादर झाली. तिच्यात लेझगिन्का आहे.