४३० मीटर

२०२२ चा १ ऑक्टोबर. आम्ही अरुणाचलात रस्त्याच्या कामावर होतो. पुतण्याचा फोन आला, "काका, आज रात्री चांदणी चौकातला पूल उडवणार आहेत. कुठून नीट दिसेल?" मी म्हटलं, "घरातून. टीव्हीवर." पोरगा हिरमुसला. कारण सांगेपर्यंत रेंज गेली. ते कारण इथे लिहितो.

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, तळ्यात शिरलेल्या अ‍ॅक्टन नावाच्या भूशिरावर शहराचं जुनं हॉस्पिटल होतं. निम्म्या गावाचा जन्म तिथला. १९९१ मध्ये ते बंद झालं आणि जागा राष्ट्रीय संग्रहालयासाठी ठरली. इमारत स्फोटाने पाडायची, आणि सरकारनेच लोकांना ती बघायला बोलावलं. १३ जुलै १९९७, रविवार. तीन लाखांच्या शहरातले लाखभर लोक मुलाबाळांसह तळ्याकाठी जमले.

इमारत धड पडलीच नाही. पण पोलादाचे तुकडे पाण्यावरून पलीकडे आले. सुमारे ४३० मीटरवर घरच्यांसोबत उभ्या असलेल्या १२ वर्षांच्या मुलीला सुमारे किलोभराचा एक तुकडा लागला. ती जागीच गेली. नऊ जण जखमी झाले. काही तुकडे ६५० मीटरपर्यंत सापडले.

आम्हा सॅपर लोकांना यातली चूक लगेच कळते. काँक्रीटच्या खांबात भोक पाडून दारू आत ठासता येते. बराचसा जोर आतच खर्च होतो. पोलादाला ती बाहेरून लावावी लागते, आणि कापलेलं पोलाद गोळीसारखं सुटतं. म्हणून खांब आधी कापून कमजोर करायचे, दारू मोजून लावायची, भोवती वाळूच्या गोण्या रचायच्या. आणि माणसं लांब, खूप लांब. खडकीला उस्ताद यावरून आमची सालटी काढायचे. कॅनबेराच्या चौकशीत नेमकं हेच निघालं: गरजेपेक्षा जास्त दारू, अपुरा आडोसा, आणि पोलाद पाडण्याचा अनुभव नसलेला ठेकेदार. बंदी होती ती फक्त २०० मीटरपर्यंत.

खरं सांगायचं तर ठेकेदाराइतकाच मला राग येतो तो आमंत्रणाचा. स्फोट ही जत्रा नव्हे. ज्याचं काम नाही त्याने तिथे असू नये, एवढा साधा नियम.

त्याच वर्षी, २८ ऑगस्टला, नोएडाचे दोन मनोरे पाडले. ३७०० किलो स्फोटकं, खांबांना जाळी आणि जाड कापडाचे थर, आसपासची सुमारे पाच हजार माणसं हलवलेली. कुणालाही इजा नाही. तरी लोक लांबच्या गच्च्यांवर चढलेच होते.

दुसऱ्या दिवशी रेंज आली. पुतण्याचा मेसेज होता, "पूल पूर्ण पडलाच नाही, आता मशीन लावलंय. मी टीव्हीवर बघितलं."

मग मी त्याला फोन केला.