मांजराचे चोंदलेले नाक : निदानाचा क्रम

डोणगावच्या शिवारात सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटाराची धूळ घरापर्यंत येते. त्या दिवसांत मांजर शिंकले तर काळजीचे कारण बहुधा नसते. पण धूळ बसून चार आठवडे उलटले, तरी नाक वाहते आहे आणि झोपेत घरघर ऐकू येते आहे, तर ती साधी सर्दी राहिली नाही. जुनाट चोंदलेले नाक हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. कारण न शोधता एकामागून एक प्रतिजैविके बदलत राहणे, ही या बाबतीत सर्रास होणारी चूक आहे.

निदानाची सुरुवात यंत्राशिवाय होते. गार स्टीलची ताटली मांजराच्या नाकासमोर धरावी. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या असतील तर वाफेचे दोन ठिपके उमटतात. एकच उमटला, स्रावही एकाच बाजूने येतो, तर अडकलेले कुसळ, वरच्या सुळ्याच्या मुळाशी झालेला पू, बुरशी किंवा गाठ यांचा विचार आधी करावा. कुसळी गवतात वावरणाऱ्या मांजराला अचानक शिंकांची उबळ आली असेल, तर ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. गवताची काडी कधी कधी मऊ टाळूच्या मागेही जाऊन बसते.

वय आणि आवाजही बोलतात. तरुण मांजर घोरत असेल आणि नाकातून फारसे काही येत नसेल, तर मध्यकर्णातून किंवा कान-घशाच्या नलिकेतून घशाकडे वाढलेला मांसल कोंब असू शकतो. तो ओढून काढता येतो, पण काहींमध्ये पुन्हा वाढतो. म्हाताऱ्या मांजराच्या नाकातून रक्त येणे, चेहरा एका बाजूला सुजणे ही कर्करोगाची, बहुधा लिम्फोमाची, शंका घेण्याची चिन्हे आहेत. नाकाच्या दांड्यावर फुगवटा असेल तर क्रिप्टोकॉकस ही बुरशीही तपासावी. ती कबुतरांच्या विष्ठेत आढळते आणि तिचे औषध अनेक महिने चालते.

मात्र सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो विषाणूंमुळे. पिल्लूपणी हर्पीस विषाणूची लागण झाली की मांजर वरवर बरे होते, पण विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो. घर बदलले, नवे मांजर आले, मांजरी व्याली, की साधारण आठवडाभराने तो पुन्हा बाहेर पडतो. त्याहून मोठे नुकसान आधीच झालेले असते. नाकातली गुंडाळीसारखी नाजूक हाडे झिजतात, पोकळीत शेंबूड साचतो आणि त्यात जिवाणू वाढतात. प्रतिजैविक जिवाणू मारते, झिजलेले हाड भरून काढत नाही. म्हणून औषधाने नाक काही दिवस सुकते आणि गोळ्या संपल्या की पुन्हा वाहू लागते. मालकाला वाटते औषध चुकले. खरे तर औषधाकडून केलेली अपेक्षा चुकलेली असते. नाकपुडीतल्या बोळ्याच्या चाचणीवरही फार विसंबू नये, निरोगी मांजराच्या नाकातही जिवाणू असतात.

इतक्याने उलगडा झाला नाही तर भूल देऊन तपासणी करावी लागते. डोणगावहून मालेगाव-पातूरमार्गे अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. तिथे किंवा जवळच्या पशुवैद्यकाकडे कोणती सोय आहे ते आधी विचारून घ्यावे. क्रम महत्त्वाचा : आधी सीटी स्कॅन, मग दुर्बीण, शेवटी बायोप्सी. तुकडा आधी काढला तर रक्ताने चित्र पुसट होते.

विषाणूने झिजलेल्या नाकाचा उपचार म्हणजे रोजची निगा. सलाइनची वाफ नेब्युलायझरने द्यावी, किंवा गरम पाण्याची बादली ठेवलेल्या बंद न्हाणीत मांजराला दहा-पंधरा मिनिटे जवळ घेऊन बसावे. वाफेत कापूर, निलगिरी तेल घालू नये, ते मांजराला विषारी आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते. डॉक्सिसायक्लिनची गोळी दिल्यावर पिचकारीने पाच-सहा मिलि पाणी पाजावे, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते.

वास आला नाही तर मांजर जेवत नाही. मासळी किंवा कोंबडीचे मटण कोमट करून पुढे ठेवावे. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचते, आणि ते नाकापेक्षा धोक्याचे. तोंड उघडून श्वास घेत असेल तर मात्र सकाळची वाट न पाहता त्याच घडीला डॉक्टर गाठावा.