यंत्रांचा उन्हाळा : गिरणीच्या साचेखात्यापासून संगणकाच्या चिपपर्यंत

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजेच सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’, १८७७ साली उभी राहिली. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाचा तो काळ. पुढे गावात आणखी गिरण्या आल्या आणि सोलापूरला गिरणगावाचे रूप आले. येथील चैत्र-वैशाखातली कोरडी हवा सुताला मात्र मानवणारी नव्हती. कोरड्या हवेत कापसाचा धागा कडक होतो आणि साच्यावर वारंवार तुटतो. दमट हवेत तोच धागा अधिक ताण सोसतो. म्हणून जगभरच्या कापडगिरण्यांनी खात्यांमध्ये पाण्याचे तुषार किंवा थेट वाफ सोडायला सुरुवात केली.

‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द याच गरजेतून जन्माला आला. १९०६ साली अमेरिकेतील स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या अभियंत्याने तो प्रथम वापरला. त्याआधी, १९०२ साली, विलिस कॅरिअरने आपली पहिली यंत्रणा उभारली होती ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. तेथे कागद दमट हवेने फुगत होता. दोन्ही ठिकाणी हवा बदलली ती मालासाठी. माणसाच्या वाट्याला काय आले, हे लँकेशायरच्या विणकरांनी सांगितले. साचेखात्यात सोडलेल्या वाफेने जीव नकोसा होतो, ही त्यांची तक्रार इतकी वाढली की १८८९ साली ब्रिटिश संसदेला हवेतील दमटपणावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला.

संगणकाच्या इतिहासाकडे या अंगाने पाहिले, तर तोही उष्णतेशी चाललेल्या झटापटीचाच इतिहास आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याला नाव दिले पंडित नेहरूंनी, १९६२ साली. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात तापलेली तार. अशा यंत्राची खोली थंड ठेवणे ही चैन नव्हती, ते गणिताइतकेच आवश्यक काम होते.

ट्रान्झिस्टर आणि त्यामागोमाग चिप आली आणि हा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. १९८१ च्या आयबीएम पीसीतील प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. त्याच्या डोक्यावर ना पंखा होता, ना हीटसिंक. १९८४ साली आलेल्या आयबीएम एटीचा वेग ६ मेगाहर्ट्झ. हौशी लोकांनी त्यातील स्फटिक बदलून तो ८ वर नेला. पुढच्या काही यंत्रांत आयबीएमने वेग तपासणारी सोयच घातली. ठरल्यापेक्षा जलद घड्याळ दिसले की यंत्र सुरू होण्यास नकार देई. ओव्हरक्लॉकिंगची ही सुरुवातीची पावले. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरने तर या छंदाला घरोघरी नेले. त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर धावे.

या फुकटच्या वेगाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. चिपमध्ये निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के वाढवला आणि तो टिकवण्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवावे लागले, तर उष्णता १.२ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे ४५ टक्के वाढते. २००४ साली आलेल्या ‘प्रेस्कॉट’ जातीच्या पेंटियम ४ ची उष्णता ११५ वॉटपर्यंत गेली. त्याच वर्षी इंटेलने त्याच्या पुढची ‘तेजस’ ही चिप सोडून दिली आणि एका चिपवर अनेक गाभे बसवण्याचा मार्ग धरला. वेगाची शर्यत थांबली ती उष्णतेपाशी.

आता हे गणित सोलापूरच्या मे महिन्यात मांडून पाहू. समजा, १०० वॉटची चिप तिच्या पंख्याखाली खोलीच्या तापमानापेक्षा ४५ अंश अधिक तापते. २२ अंशांच्या खोलीत ती ६७ वर राहील. वरच्याप्रमाणे ओव्हरक्लॉक केली तर वाढ ६५ अंशांची, म्हणजे ८७. चालून जाईल. पण सोलापुरातल्या ४० अंशांच्या खोलीत हेच आकडे ८५ आणि १०५ होतात. बहुतेक आधुनिक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आपला वेग आपोआप उतरवतात. म्हणजे वेग वाढवायला जावे आणि हाती आधीपेक्षा कमी वेग यावा! थंड देशांतील आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण पंखा कितीही मोठा असला तरी तो चिपला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही.

मग हवाच गार करायची. सोलापूरकरांना ही युक्ती माठ आणि वाळ्याच्या पडद्यांपासून ठाऊक आहे : पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. कोरड्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलर खोलीचे तापमान चांगलेच उतरवतो. मात्र दमट हवेत धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिकटून बसते, आणि श्रावणात कूलरचा उपयोगही उरत नाही. गंमत अशी की बहुतेक चांगल्या हीटसिंकच्या आतही माठच आहे. तांब्याच्या बंद नळीत थोडेसे पाणी कमी दाबाखाली ठेवलेले असते. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, पात्यांकडे ती पुन्हा पाणी होते आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. ही ‘हीट पाइप’ १९६३ साली लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हरने अंतराळयानांसाठी विकसित केली. माठातले पाणी उडून जाते; हिच्यातले संपत नाही.

मोठ्या यंत्रांनी तर पाणीच चिपपाशी नेले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ साकारला. त्याच पुण्यात, आयसरमध्ये, २०१९ साली आलेल्या ७९७ टेराफ्लॉपच्या ‘परम ब्रह्म’मध्ये द्रव थेट प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्टीतून खेळवला जातो.

पण उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते. चिपचा प्रत्येक जादा वॉट कुठल्या तरी वीजकेंद्रात तयार होतो. सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या १३२० मेगावॉट केंद्राला पाणी लागते ते उजनीचे. त्याच उजनीवर शहराच्या नळांची भिस्त आहे. म्हणून येथे ओव्हरक्लॉकिंगपेक्षा उलटी वाट शहाणपणाची ठरते. व्होल्टेज १० टक्के उतरवून चिप त्याच वेगावर स्थिर राहिली, तर सुमारे १९ टक्के उष्णता मुळातच निर्माण होत नाही. धूळ झाडणे आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे हे स्वस्तातले उपाय आहेतच.

शिवाय एक प्रश्न १८८९ पासून तसाच आहे. सर्व्हरच्या खोलीला आपण न विचारता वातानुकूलन देतो, कारण यंत्र तापले की काम थांबते. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये चादर विणणारा कामगार मात्र तापला तरी थांबत नाही. यंत्राला किती अंश सोसवतात, हे त्याच्या माहितीपत्रकात छापलेले असते. माणसाची मर्यादा कायद्यात लिहून घ्यावी लागते, आणि लँकेशायरच्या विणकरांनी ती भांडून लिहून घेतली होती.